विमानं होती का?

ऐझॉल, १८ जून २०२५

प्रिय बापू,

दिवाळीपासून तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, फोनही उचलले नाहीत. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी आहे, इथल्या चढांनी गुडघा तेवढा धरलाय. आज लिहायला बसलो, कारण परवा एका पोरानं मला जे विचारलं त्याचं उत्तर तुझ्या घरात आहे.

कामासाठी झोखावथारला गेलो होतो. गावाखाली टिआऊ नदी, आपल्या येरळेसारखीच, आणि पलीकडे म्यानमार. १ फेब्रुवारी २०२१ ला तिकडे लष्करानं सत्ता घेतली, तेव्हापासून तिकडची चिन जमातीची माणसं नदी ओलांडून येतायत. मिझो त्यांना भाऊबंदच मानतात. तिथं हा पोरगा भेटला. पंचविशीतला, मंडालेत इंजिनिअरिंग शिकत होता. उजवा पाय गुडघ्याखाली सुरुंगानं नेलाय. मंडाले म्हटल्यावर मी लगेच टिळकांचं सांगितलं, तर म्हणाला, टिळकांचा तुरुंग ज्या किल्ल्यात होता तो आजही लष्कराकडेच आहे.

पोरगा चिन डोंगरांतल्या मिंदातचा. एप्रिल २०२१ मध्ये तिथल्या लोकांनी शिकारीच्या ठासणीच्या बंदुका घेऊन लष्कर अडवलं होतं. बंदूक कशी भरायची ते त्यानं मला कुबडीवर करून दाखवलं. नळीत दारू, मग चिंधी, मग छर्रे, वरून गजानं ठासायचं. एक बार झाला की हे सगळं पहिल्यापासून, आणि तोवर समोरून मशीनगन. सांगताना हात थरथरत नव्हते त्याचे. माझेच थरथरत होते.

मग मला राहवेना. मी इंग्रजाविरुद्धच्या आपल्या साताऱ्याच्या पत्री सरकारचं काढलं. नाना पाटील, जी. डी. बापू लाड, जून १९४३ ला शेणोलीला अडवलेली पगाराची गाडी, गावोगावची न्यायदान मंडळं. साडेतीन-चार वर्षं इंग्रजाला नाना पाटील सापडले नाहीत, हे तर मी दोनदा सांगितलं. कोल्हापूरच्या खोलीत तुझ्यापुढे सांगायचो त्याच आवेशात रे. पोरानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘त्यांच्यावर विमानं यायची का?’

बापू, मी गप्प झालो.

आपल्याकडे पोलीस आले, लष्करी तुकड्या आल्या, पण ऊसावर बॉम्ब पडले नाहीत. आणि १९४४ ला इंग्रजाची फौज कुठं अडकली होती माहितीय? ह्याच पोराच्या चिन डोंगरांत, टिड्डिमच्या वाटेवर, जपान्यांसमोर. ह्याच्या देशातल्या लष्कराला दुसरीकडे लढायचं नाही, त्याचा शत्रू म्हणजे हा पोरगाच. ११ एप्रिल २०२३ ला सागाइंगमधल्या पाझीग्यीत लोक जमले होते, त्यांच्यावर विमानातून बॉम्ब टाकले. दीडशेच्या वर माणसं गेली, लेकरांसकट. तरी हे हटत नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये बंडखोरांनी लाशिओ घेतलं, लष्कराचं विभागीय मुख्यालयच. आणि यंदा एप्रिलमध्ये चीननं दाब दिल्यावर ते परत द्यावं लागलं. लढून मिळवलेलं शहर शेजाऱ्याच्या शब्दावर गेलं.

खोलीवर परत आलो आणि घरमालकिणीला हे सांगितलं. ती ५ मार्च १९६६ ला आठ वर्षांची होती, मिझो बंड मोडायला ऐझॉलवर आपली विमानं आली तेव्हा. आपली म्हणजे भारताची, बापू. ती आईचा हात धरून जंगलात पळाली, मागं बाजार पेटलेला. पण तिला विमानांचं फार बोलायचं नव्हतं. ती बोलली आजोळच्या गावाबद्दल. १९६७ पासून गावंच्या गावं उठवून रस्त्याकडेच्या वस्त्यांत कोंबली, भोवती कुंपण, तांदूळ मोजून. का? तर बंडखोराला कुणी भात देऊ नये म्हणून. वीस वर्षांनी, ३० जून १९८६ ला करार झाला आणि बंडाचे पुढारी लालडेंगा मिझोरमचे मुख्यमंत्री झाले. आजोळचं गाव काही परत वसलं नाही, म्हणाली.

तेव्हा तू आठवलास. मी म्हणायचो, साताऱ्यात हजार रायफली असत्या तर! आणि तू मेसची आमटी ओरपत म्हणायचास, ‘बंदुका मोजू नको लेका, चुली मोज.’ त्यावरून आपण आठ दिवस बोललो नव्हतो, नाम्यानं मिसळ खायला घालून समेट केला. तुझं खरं होतं. बंड चुलीवर टिकतं आणि म्हणून फौज चुलीवर जाते. विमान असो नाही तर कुंपण.

पण आता रात्री झोप लागत नाही. पोरगा जयपूर फूट मिळाला की परत पलीकडे जायचं म्हणतोय. मी सांगितलेल्या गोष्टीनं त्याचा चेहरा उजळलेला मी पाहिलाय. त्याला मी शेणोली सांगितली. तुझ्या आजीचं सांगितलं नाही. उसाच्या फडात लपलेल्यांना भाकरी पोचवायची म्हणून तिला चावडीवर बसवलं होतं, तेवढंच मला ठाऊक.

पिंकीला दहावीत ब्याण्णव टक्के, आईनं कळवलं. तिला माझ्याकडून शंभर रुपये दे, येईन तेव्हा तुला देईन. बागेची खरड छाटणी झाली असेलच. वहिनींना नमस्कार.

एक काम कर. कुंडलला जाऊन आत्याला विचार, त्या तीन वर्षांत आजी कधी ‘आता बास’ म्हणाली होती का. म्हणाली असेल तर कुणाला म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी भाकरी थापली का. जसं सांगतील तसं लिही, गोड करू नको. जुलैच्या शेवटी मला परत झोखावथारला जायचंय.

तुझा,
दत्ता