पडद्यावर एकही पुरुष नाही, तरीही...

महोदय,

जॉर्ज क्युकर यांचा ‘द विमेन’ (१९३९) हा हॉलिवूडपट म्हणजे बायकांची निव्वळ बदनामी, असं म्हणणारे प्रेक्षक आजही भेटतात. तक्रार अगदीच खोटी नाही. श्रेयनामावलीतच नॉर्मा शिअररची हरिणी होते आणि जोन क्रॉफर्डची बिबळीण! शेवटी शिअररची मेरी दोन्ही हात पसरून, जो तिला फसवतो त्याच नवऱ्याकडे धावते, ते तर मलाही पटत नाही.

पण मूळ नाटक क्लेअर बूथ यांचं, पटकथा अनिता लूस आणि जेन मर्फिन यांची. तिघीही बायकाच, म्हणजे चिमटे घरातलेच. पार्लरमधला प्रसंग पाहा. समोर कोण बसलंय याची कल्पना नसलेली ओल्गा मेरीची नखं रंगवता रंगवता तिच्याच नवऱ्याचं लफडं तिलाच मीठमसाला लावून ऐकवते. मेरीचा चेहरा कसनुसा होतो, ओल्गाची टकळी सुरूच! आणि त्या पार्लरमध्ये मेरीला मुद्दाम धाडणारी रोझलिंड रसेलची सिल्व्हिया तर सगळ्यांवर कडी करते. असली ‘मैत्रीण’ कुणाच्या ओळखीत नसते?

मधला रंगीत फॅशन शो मात्र खुशाल न पाहता पुढे सरकवावा.

– एक वाचक, डोंबिवली