माझ्या कपाळावरच्या आठ्या

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तू "बाबा, मी नोकरी सोडायचा विचार..." एवढंच म्हणालीस आणि थांबलीस. मग म्हणे, "जाऊ दे, नंतर बोलू." खोदून विचारलं तेव्हा उत्तर आलं, "तुझा चेहरा बघितला ना!" मी म्हटलं, अगं, मी तर तोंडातून चकार शब्द काढला नाही. ते खरंच होतं, पण तुझंही खोटं नव्हतं. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. निवृत्त माणसाला वेळच वेळ, म्हणून या विषयावरचं सापडेल ते वाचत बसलोय.

तू काही मुद्दाम माझा चेहरा वाचायला गेली नव्हतीस. ते ठरवून करावंच लागत नाही. २००० साली उल्फ डिम्बर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्वीडनमध्ये केलेला एक प्रयोग वाचला. लोकांना हसरा किंवा रागीट चेहरा फक्त ३० मिलिसेकंद दाखवायचा आणि लगेच त्या जागी निर्विकार चेहरा आणायचा. पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. बघणाऱ्यांना निर्विकार चेहराच दिसल्याचं जाणवलं. त्यांच्या गालावर आणि भुवईवर लावलेल्या इलेक्ट्रोडनी मात्र वेगळंच टिपलं. हसऱ्या चेहऱ्यामागून गालाचा स्नायू सूक्ष्मसा हलला होता, रागीट चेहऱ्यामागून भुवई आकसणारा. म्हणजे बाबाच्या कपाळाला आठ्या पडल्यात हे तुला कळायच्या आत तुझंही कपाळ आकसायला लागलं असेल.

पण मला खरं अस्वस्थ केलं ते दुसऱ्याच एका प्रयोगाने. तो १९८५ चा. वर्षावर्षाची बाळं एका टेबलावर सोडली होती. टेबलावर जाड काच, आणि मध्येच काचेखाली जमीन खाली गेल्यासारखी दिसते. फार खोल नाही, जावं की न जावं असा प्रश्न पडेल इतकीच. पलीकडे आई आणि खेळणं. बाळ रांगत कडेपर्यंत येतं, खाली बघतं, मग मान वर करून आईकडे बघतं. आईने बोलायचं नाही, चेहऱ्यानेच काय ते दाखवायचं. आई हसरी होती तेव्हा १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. आईच्या चेहऱ्यावर भीती होती तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. एकही नाही, मनू. काच मात्र दोन्ही वेळा तितकीच पक्की होती!

रविवारी तूही कडेशी येऊन मान वर केली होतीस. आणि समोर मी.

आता माझी बाजू. तू जो राग वाचलास तो राग नव्हता. भीती होती. तुझ्याच वयात मीही हातातली नोकरी सोडली होती आणि पुढचे महिने कसे काढले ते तुझ्या आईला विचार. ते सगळं त्या एका क्षणात वर आलं. भीती ओळखायला डोळे बघावे लागतात, हेही परवाच वाचलं. एका बाईच्या मेंदूतले अमिग्डाला नावाचे बदामाच्या आकाराचे दोन्ही भाग आजाराने निकामी झाले होते. तिला समोरच्याच्या चेहऱ्यावरची भीती ओळखता येत नसे. २००५ साली संशोधकांच्या लक्षात आलं, की ती आपणहून समोरच्याच्या डोळ्यांकडे बघतच नाही. "डोळ्यांकडे बघ" असं सांगितलं, की तिला भीती ओळखू यायची. सांगायचं थांबलं, की पुन्हा पहिलं. तुझी नजर उत्तम आहे, पण त्या दिवशी माझ्या चष्म्यावर स्क्रीनचा उजेड पडला होता. डोळे गेले झाकून, उरल्या फक्त आठ्या.

आणि आठ्यांचं काय, त्या मला वर्तमानपत्र वाचतानाही पडतात. डार्विनने १८७२ मध्येच लिहून ठेवलंय, की विचारात किंवा कामात काही अडलं की माणसाच्या भुवया आकसतात. म्हणजे कपाळ आक्रसलेला प्रत्येक जण रागावलेला असतोच असं नाही. (तुझ्या आईला हे वाचून दाखवलं. "तुमचा रागही मला ओळखू येतो आणि अडलेलंही," म्हणाली. तीस वर्षांचा सराव आहे तिचा, तिच्याशी कोण वाद घालणार?)

भीती वाटली ती खरी आहे, लपवणार नाही. लपवायला गेलो तरी तुला दिसेलच. पण ती माझी, माझ्या जुन्या दिवसांची. तुझ्या काचेची जाडी मला ठाऊक नाही, ती तुलाच ठाऊक. हाताशी पैसे किती आहेत, पुढे काय करायचं मनात आहे, कधीपासून हे चाललंय, यातलं काहीच मी रविवारी ऐकलं नाही, कारण तू पहिल्याच वाक्यावर थांबलीस.

शनिवारी रात्री साधा फोन कर, व्हिडिओ नको. आवाजातूनही माझं कळेलच म्हणा तुला. तरी वाक्य पुरं कर.

तुझा,
बाबा