शेळ्यांच्या खोकल्यावर अंदाजाचे इंजेक्शन नको

महोदय,

पाऊस सुरू झाला की खानापूर, निपाणी भागात शेळ्या-मेंढ्या खोकू लागतात. नाकातून घट्ट पिवळा शेंबूड, धापेने कुशी हलते. मग दुकानातून बाटली आणून वजन न बघता टोचायची आणि जनावर चरायला लागले की औषध बंद. हे फार घातक आहे. शेळ्यांचा सीसीपीपी हा फुफ्फुसाचा सांसर्गिक रोग मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूमुळे होतो. या जंतूला पेशीभित्तिका, म्हणजे पेशीभोवतीची भिंतच नसते आणि पेनिसिलिन मारा करते ते त्या भिंतीवरच, त्यामुळे ते कितीही द्या, फुकट. तिथे ऑक्सिटेट्रासायक्लिन किंवा टायलोसिन लागते, तेही सुरुवातीलाच. पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग, तर विषाणूचा रोग! त्यात अँटिबायोटिक फक्त मागाहून होणारा न्यूमोनिया आवरते. खरा बचाव लसीचाच. गाई-म्हशींना घटसर्पाची लसही पावसाआधीच हवी.

इंजेक्शन दिलेल्या म्हशीचे दूध त्याच संध्याकाळी डेअरीत घालणारेही आहेत. औषधाचा अंश उतरलेले ते दूध आपलीच पोरे पितात हो! दूध न वापरण्याचे बाटलीवर लिहिलेले दिवस तरी पाळा.

पशुसंवर्धन खात्याला विनंती, की लसीकरणाची तारीख गावात आधी दवंडी देऊन कळवावी आणि माहितीपत्रके कन्नडबरोबर मराठीतही द्यावीत. धनगरवाड्यावरच्या म्हाताऱ्यांना ती वाचता आली पाहिजेत.

– एक पशुपालक, ता. खानापूर, जि. बेळगाव