मुलं सांगतील तिकडे जा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशात इंग्रजी शिकवायला जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांविषयी आपल्या पुरवणीत वरचेवर लिहून येतं. व्हिसा, पगार, घरभाडं, सगळं त्यात असतं. शनिवार-रविवारचं काय करायचं, ते मात्र कुठे वाचायला मिळत नाही. जपानच्या हिरोशिमा प्रांतातल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत माझं हे तिसरं वर्ष. इथे मन रमतं की नुसते दिवस ढकलले जातात, हे त्या दोन सुट्ट्यांवर ठरतं असं माझं ठाम मत झालं आहे.

मी आले ती १९८७ साली सुरू झालेल्या जपान सरकारच्या ‘जेट’ योजनेतून. पदवी लागते, जपानी यायलाच हवं असं नाही. करार वर्षाचा, वाढत गेला तर जास्तीत जास्त पाच वर्षांचा. वर्ग जपानी शिक्षकांचा असतो, मी त्यांच्या जोडीला उभी राहते. त्याआधी एका खासगी संस्थेने ‘इंग्रजी तुमची मातृभाषा नाही’ असं कळवून माझा अर्ज परत केला होता. ते मला फार लागलं होतं. पण इंग्रजीत नामाआधी येणारं ‘अ’ (a) आणि ‘द’ (the) जपानीत नाही, तसं मराठीतही नाही. मी ते चुकत चुकत शिकले. एखादं पोर ‘द’ गाळतं तेव्हा ते का गाळतं हे मला आतून कळतं, आणि ही माझी कमाई आहे.

पहिले काही महिने मी सुट्टी लागली की क्योटो, ओसाका गाठायची. सोमवारी वर्गात ठरलेला प्रश्न, ‘शनिवार-रविवारी काय केलंत?’ आणि ठरलेली उत्तरं: ‘झोपलो’, ‘गेम खेळलो’. माझ्या क्योटोच्या फोटोंकडे मुलं सभ्यपणे बघायची आणि वही उघडायची. एकदा मीच विचारलं, ‘या शनिवारी मी कुठे जाऊ?’ सगळा वर्ग एकदम जागा झाला. मागच्या बाकावरच्या, कधी तोंड न उघडणाऱ्या मुलीने कागदावर समुद्र, बेटं आणि पूल काढला आणि खाली तीनच इंग्रजी शब्द लिहिले: ‘पूल. टाळी. ड्रॅगन.’

ओनोमिचीहून इमाबारीपर्यंत सहा बेटं ओलांडत जाणारा सुमारे ७० किलोमीटरचा शिमानामी काइदो रस्ता सायकलवाल्यांना ठाऊक असतो. कडेने निळी रेघ आखलेली आहे, तिच्यामागून जायचं. त्यावरचा तातारा पूल १९९९ साली खुला झाला तेव्हा तारांनी तोललेल्या पुलांत त्याचा मधला गाळा जगात सर्वांत लांब होता, ८९० मीटर. त्याच्या उंच मनोऱ्याखाली एका ठरावीक जागी उभं राहून मी टाळी वाजवली. आवाज दोन भिंतींमध्ये आपटत, कडकडत थेट वर चढत गेला. इथले लोक त्याला ‘ओरडणारा ड्रॅगन’ म्हणतात. मी पाच-सहा वेळा टाळ्या वाजवल्या आणि ते रेकॉर्ड करून आणलं. सोमवारी ती मुलगी पुढे येऊन बोलली. व्याकरण पार कोलमडलं होतं, पण ती दोन मिनिटं बोलली!

तेव्हापासून मी मुलांच्या नकाशांवरच फिरते. नव्याने येणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, प्रत्येक सुट्टी आपल्याच माणसांच्या घोळक्यात घालवू नका. तासाला जेमतेम एक गाडी असलेल्या स्टेशनावर उतरा.

असंच एका मुलाने ‘ससे’ एवढंच लिहून दिलं. तादानोउमीच्या धक्क्यावरून बोटीने पंधरा मिनिटांवर ओकुनोशिमा आहे. ससे पायांत घुटमळतात, मांडीवर चढतात. थोडं पुढे गेलं की वीजघराचा काळवंडलेला सांगाडा आणि एक छोटं संग्रहालय लागतं. १९२९ पासून १९४५ पर्यंत इथे विषारी वायूचा कारखाना होता, आणि युद्धकाळात हे बेट नकाशावरूनही पुसलेलं होतं. कामाला शाळकरी मुलंही जुंपली होती.

सोमवारी मी सशांचे फोटो दाखवले, संग्रहालयाचं काही बोलले नाही. तो मुलगा उभा राहिला. नुकताच शिकवलेला भूतकाळ जपून वापरत म्हणाला, ‘माझी पणजी तिथे काम करत होती. ती विद्यार्थिनी होती.’ जोडीच्या शिक्षकांनी त्याचं भाषांतर केलं नाही, मीही पुढचा प्रश्न विचारला नाही. पुढच्या शुक्रवारी त्याने आणखी एक कागद हातात ठेवला. त्यावर पणजीचं घर होतं आणि बसची वेळ.

आपली नम्र,
एक इंग्रजी शिक्षिका,
हिरोशिमा प्रांत, जपान