जॉब कार्ड फिटरनेच बंद करावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

साखर कारखान्यांच्या संगणकीकरणाबद्दल आपल्या दैनिकात येतं ते बहुतेक वजनकाटा, ऊस नोंद आणि बिलांविषयी. यंत्रांच्या देखभालीसाठीही आता सॉफ्टवेअर आलं आहे, त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. मी मिल हाऊसचा, म्हणजे ऊस गाळण्याच्या विभागाचा, मेंटेनन्स फोरमन म्हणून निवृत्त झालो. शेवटची काही वर्षं याच सॉफ्टवेअरवर काम केलं. ते हवंच, असं माझं ठाम मत आहे. कोणत्या गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं, २२२२० नंबरचं बेअरिंग स्टोअरमध्ये शिल्लक आहे की नाही, मागच्या हंगामात फीड पंप कशामुळे उघडावा लागला, हे सगळं पूर्वी एखाद्या जुन्या फिटरच्या डोक्यात असायचं. तो निवृत्त झाला की माहितीही त्याच्याबरोबर घरी जायची.

प्रश्न आहे तो त्यात काय भरलं जातं याचा. पावसाळ्यात मिल दुरुस्तीसाठी उघडलेली असते. रोलर बाहेर काढलेले, ऊस मिलपर्यंत नेणाऱ्या केन कॅरियरची चेन उतरवून ठेवलेली. सॉफ्टवेअरला कॅलेंडर कळतं, गळीत हंगाम कळत नाही. त्यामुळे त्या उतरवलेल्या चेनला तेल देण्याचं जॉब कार्ड, म्हणजे त्या कामाचा आदेश, ऑगस्टमध्येही निघतं, आणि महिनाअखेरीला ऑफिसात बसलेला ऑपरेटर ते 'पूर्ण' करून टाकतो. पेंडिंग कार्ड लाल दिसतं आणि मीटिंगमध्ये त्याचा जाब विचारला जातो, म्हणून. हीच सवय जानेवारीत, मिल रात्रंदिवस चालू असतानाही सुटत नाही. ग्रीस गन जिथं पोचलीच नाही ते बेअरिंग स्क्रीनवर हिरवं असतं. रात्री ते जाम होतं, मिल थांबते, यार्डात ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागते आणि तोडलेला ऊस गाडीतच वाळतो. देखभालीची शंभर टक्के पूर्तता दाखवणारा तक्ता पाहिला की मला काळजीच वाटते.

बिघाडाच्या कारणांचंही तेच. निवडायला इंग्रजीतले ठरावीक पर्याय. फिटरला सांगायचं असतं, 'कपलिंगचं रबर झिजलंय, फाउंडेशनचा मागचा बोल्ट सैल होता.' तसं लिहायला जागाच नसते. मग सगळे 'इतर'वर बोट ठेवतात, आणि पुढच्या ऑफ सीझनला काय दुरुस्त करायचं याचा पत्ता लागत नाही.

६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू प्लॅटफॉर्मवर १६७ माणसं गेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि तशी नोंद परमिटवर, म्हणजे त्या कामाच्या परवान्यावर, होती. पण रात्रपाळीच्या माणसांना ती कळली नाही आणि त्यांनी तोच पंप सुरू केला. यंत्र उघडलेलं असताना ते चालू करू पाहणाऱ्याला तिथल्या तिथे अडवणं, हे काम नीट बसवलेलं सॉफ्टवेअर करू शकतं. त्यासाठी नोंद कामाच्या जागी, काम करणाऱ्याने आणि त्याच पाळीत करायला हवी.

कारखान्यांच्या संचालक मंडळांना माझी विनंती आहे. जॉब कार्ड मराठीत असावं आणि ते बंद करण्याचा अधिकार फक्त काम केलेल्या फिटरच्या लॉगिनला द्यावा. दोन ओळी बोलून नोंदवायची सोय मोबाइलवर सहज होते, ती द्यावी. तेल-ग्रीसचं वेळापत्रक तारखेवर न ठेवता यंत्र किती तास चाललं यावर ठेवावं. आणि काम राहिलं तर ते राहिलं असं लिहिणाऱ्या माणसाला मीटिंगमध्ये उभं करू नये. ग्रीस संपलं होतं की माणूस कमी होता, हे आधी विचारावं. हे बदल ओव्हरहॉलिंगच्या काळातच बसवता येतात. गव्हाणीत मोळी पडून गळीत सुरू झाल्यानंतर कोणालाच उसंत नसते.

आपला,
एक सेवानिवृत्त मेंटेनन्स फोरमन, जि. सांगली