दहा ते पाचमध्ये गाय कळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कृषी महाविद्यालयांतील अंतिम वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी आमच्या गावात दरवर्षी येतात. यंदा माझ्या गोठ्यावर सहा जण आले. त्यांनी मुरघास (हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा) पाहिला, कासदाहाच्या, म्हणजे कासेच्या सुजेच्या, चाचणीचे प्रात्यक्षिक केले, फलक धरून छायाचित्र काढले आणि जेवणाच्या आत निघाले. मुले हुशार होती. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नसून वेळापत्रकाबद्दल आहे.

संकरित गाय माजावर, म्हणजे गाभण राहण्याच्या स्थितीत, राहते ती साधारण बारा ते अठरा तास, आणि माजाची लक्षणे बहुधा रात्री किंवा पहाटे ठळक दिसतात. काचेसारखा स्वच्छ सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) आणि दुसरी गाय अंगावर चढली तरी जागचे न हलणे, हे ज्याने पाहिले त्यालाच रेतनाची (गाय भरवण्याची) वेळ साधते. माज हुकला की पुढची संधी २१ दिवसांनी येते, आणि तेवढ्या दिवसांचा चारा-पेंडीचा खर्च अंगावर पडतो. दहा ते पाच या वेळेत येणाऱ्याला हे कधी दिसणार?

बाकीचे गेले, पण त्या सहांपैकी एक मुलगी धार काढायला शिकायचे म्हणून संध्याकाळपर्यंत थांबली. हात गार, माणूस अनोळखी. गाय बिचकली आणि तिने पान्हा चोरला, म्हणजे दूध आवरून धरले. एकदा सुटलेला पान्हा पाच-सात मिनिटेच टिकतो, त्यामुळे उरलेले दूध शेवटी माझ्या पत्नीने काढले. "काका, परीक्षेत पान्ह्याच्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण होते," असे ती ओशाळून म्हणाली.

पशुवैद्यकीय पदवीत निदान वर्षभराची आंतरवासिता (इंटर्नशिप) तरी असते. कृषी पदवीधर पुढे दूध संघात पर्यवेक्षक होतात, बँकेत गाईंच्या कर्जाची प्रकरणे तपासतात (आमच्या अर्जावर शेरा मारणारे बहुधा हेच), त्यांना गोठ्याची ओळख मात्र अर्ध्या दिवसाची. म्हणून कार्यानुभवाच्या काळात दोघा विद्यार्थ्यांमागे एक गाय देऊन त्यांना सलग २१ दिवस, म्हणजे माजाचे एक पूर्ण चक्र, विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर (शेतावर) किंवा शेतकऱ्याच्या गोठ्यावर मुक्कामी ठेवावे आणि त्यांनी रोज लिहिलेल्या दूध, चारा व माजाच्या नोंदींवर गुण द्यावेत. जेवणखर्च महाविद्यालयाने गोठेमालकाला द्यावा, एवढीच अपेक्षा.

माझ्याकडे दोघांची राहण्याची सोय होईल. धारा पहाटे पाचला सुरू होतात, हे त्यांना आधी सांगून ठेवावे.

आपला,
एक दूध उत्पादक, ता. राहाता, जि. अहिल्यानगर