सेझिंकोटमधले घारापुरीचे खांब

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला इंग्लंडच्या खेड्यापाड्यांवरचा लेख वाचला. त्यात ग्लॉस्टरशायरमधल्या सेझिंकोट या दगडी घराला 'मुघल महाल' म्हटले आहे. घुमट पाहून तसे वाटणे साहजिक आहे. पण लेखकाने बागेतल्या पुलाचा उल्लेखच केला नाही आणि मी पडलो घारापुरीसमोरच्या उरणचा, म्हणून हा पत्रप्रपंच. त्या पुलाचे खांब घारापुरीच्या लेण्यांवरून घेतलेले आहेत!

ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत बंगालमध्ये पैसा करून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याच्या वास्तुविशारद भावाने, सॅम्युअलने, १८०५च्या सुमारास हे घर बांधायला घेतले. याच सॅम्युअलने जवळच डेल्सफर्डला वॉरन हेस्टिंग्जचे घर बांधले होते. मराठे आणि इंग्रजांमधल्या सालबाईच्या तहातला गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज तो हाच. सेझिंकोटसाठी सल्ला दिला चित्रकार थॉमस डॅनियलने. तो पुतण्यासह १७९३ साली मुंबईत होता आणि घारापुरी, कान्हेरीची चित्रे त्याने काढली होती.

घराचा मुघलपणा बाहेरच्या अंगापुरताच. तांब्याचा हिरवा घुमट, कोपऱ्यांवर खांबांवर पेललेल्या छोट्या घुमट्या म्हणजे छत्र्या, खिडक्यांवर मोरपिसाऱ्याच्या कमानी आणि चांगला रुंद छज्जा. (ग्लॉस्टरशायरच्या आभाळाखाली तो कोणते ऊन अडवतो, देव जाणे.) आत पाऊल टाकले की सगळा थाट ग्रीक-रोमन वळणाचा, त्या काळच्या कोणाही श्रीमंत इंग्रजाच्या घरात असायचा तसा. इंग्लंडच्या युवराजाने (पुढचा राजा चौथा जॉर्ज) १८०७ मध्ये हे घर पाहिले आणि पुढे ब्रायटनचा त्याचा महाल याच वळणावर गेला.

माझी नोकरी बांधकाम खात्यात गेली, त्यामुळे मी रेंगाळलो पुलाखाली. ओढ्यातल्या दगडांवर पाय ठेवत थेट खांबांपाशी जाता येते. घारापुरीचा खांब म्हणजे खाली चौकोनी बुंधा, वर उभ्या पन्हळींचा गोल भाग आणि माथ्यावर दाबलेली उशी. तो कोणी उभा केलेला नाही; भोवतीचा कातळ काढून टाकला आणि खांब उरला. म्हणून तिथले कित्येक खांब मोडले तरी छत जागेवर राहिले. सेझिंकोटचे खांब मात्र खरोखरच पुलाचे ओझे वाहतात. शिवाय आपला कातळ काळा, छिन्नीला दाद न देणारा; कॉट्सवोल्डचा चुनखडी दगड खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. इतक्या वेगळ्या दगडात तो आकार उतरला, तोही चित्रांच्या आधारे, याचे श्रेय मी डॅनियलच्या नजरेला देईन. पुलावर नंदीही बसवले आहेत. पण ते पाहायला खाली उतरावे लागत नाही, म्हणून सगळे तेवढ्याचेच फोटो काढतात.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी : मोर्टन-इन-मार्श हे जवळचे स्टेशन, लंडनच्या पॅडिंग्टनहून गाडी मिळते. घर खासगी मालकीचे आहे आणि बारा महिने खुले नसते, तेव्हा आधी चौकशी करून निघावे.

— एक निवृत्त अभियंता, उरण